दसऱ्याच्या आदल्या दिवशी धुतलेलं इंजिन

आईला वास सहन होत नव्हता. एवढ्याच कारणासाठी आम्ही गाडीचं इंजिन साफ करायला घेतलं.

आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यावं लागतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सिडकोतल्या आमच्या घरापासून मुंबई नाक्याजवळच्या सेंटरपर्यंत अंतर फार नाही, पण परत येताना तिच्यात बसण्याचंही त्राण नसतं. बसने नेऊन पाहिलं. रिक्षाने नेऊन पाहिलं. शेवटी पप्पांनी एक जुनी गाडी घेतली. शहरातली बससेवा कशी मोडीत काढली जाते यावर मी तेव्हा एक लेख लिहीत होते. लेख छापून आला त्याच आठवड्यात गाडी आमच्या इमारतीखाली उभी राहिली. आई म्हणाली, "लेख छान हाय. पण मला लेखात बसून जाता येत नाय."

गाडी चालायची बरी, पण तेल गळायचं. गळलेलं तेल गरम सायलेन्सरवर पडायचं, जळायचं, आणि तो वास पुढच्या जाळीतून थेट आत यायचा. गाडी पळत असली की कमी, थांबली की जास्त. डायलिसिसनंतर आईला नुसत्या फोडणीच्या वासानेही ढवळून येतं. त्रिमूर्ती चौकापर्यंत ती कशीबशी दम धरायची. तिथला सिग्नल लांबतो. तिथे ती पिशवी तोंडाशी न्यायची आणि मी तिची पाठ चोळत बसायचे.

मेकॅनिकने इंजिनच्या वरच्या झाकणाचं, टॅपेट कव्हरचं, पॅकिंग बदलून गळती बंद केली. तरी वास राहिला. बोनेट उघडून त्याने आम्हाला दाखवलं. जुनं तेल, त्यावर अंबडच्या कारखान्यांकडची धूळ, त्यावर परत तेल. इंजिनच्या अंगावर काळी साय धरली होती. "हे जळतच राहणार," तो म्हणाला. "वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशर मारून घ्या. चकाचक."

वॉशिंग सेंटरला न्यायचं नाही, यावर पप्पांचं आणि माझं एकमत झालं. असं क्वचित होतं. त्यांचं कारण असं की प्रेशरचं पाणी वायरींत आणि जोडांत घुसतं, गाडी वाटेत बंद पडते, आणि आमची गाडी बंद पडणं म्हणजे आईचं एक डायलिसिस चुकणं. माझं कारण वेगळं होतं. आमच्याकडच्या सेंटरवर मुलं अनवाणी उभी असतात. हातात मोजे नाहीत, डोळ्यांवर चष्मा नाही. तीव्र केमिकल अंगावर उडत असतं आणि ते सगळं काळं पाणी गटारातून नंदिनी नदीत आणि नंदिनीतून गोदावरीत जातं. ज्या नदीची आरती करायची तिच्यातच हे सोडायचं. मी बोलायला लागले की थांबत नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती म्हणाली, "तुमचं दोघांचं ठरलं की सांगा. तवर मी पिशवी धरते."

म्हणून घरीच साफ करायचं ठरलं.

दिवस पप्पांनी निवडला. यंदा दसरा गुरुवारी आला होता, म्हणजे डायलिसिसच्या दिवशीच. डायलिसिसला सणाची सुट्टी नसते. आणि आमच्या घरात दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तनाचा, विहारात जायचा दिवस. पांढरे कपडे, वंदना, ओळखीची माणसं. गेल्या वर्षी आईला जाता आलं नव्हतं. वाटेत उलटी झाली, पांढऱ्या साडीवर डाग पडला, आणि ती घरी येऊन दाराकडे पाठ करून झोपली होती. यंदा तिने आठवडाभर आधी जाहीर केलं होतं की ती सकाळी पांढरी साडी नेसूनच सेंटरला जाणार आणि तिथून थेट विहारात. "पाच मिनिटं का होईना," ती म्हणाली, "पण स्वच्छ साडीत."

"बुधवारी करू," पप्पा म्हणाले.

बुधवार म्हणजे खंडेनवमी. ते असं सहज म्हणाले, की त्यात काही आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही.

पप्पा अंबडच्या एका कारखान्यात लेथवर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती पत्रकांवरच. माझ्या लहानपणी घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि घडी घालायच्या पत्रकांचे गठ्ठे जास्त असायचे. आई भाजी निवडायची आणि मी पत्रकं दुमडायचे. पप्पांची वाक्यं छोटी असायची. त्यांनी मला सांगितलं होतं, कामगार पाळी सुटल्यावर गेटवर उभ्याने वाचतो, त्याला दम लागेल असं लिहायचं नाही.

बुधवारी दुपारी मी शिकवते त्या क्लासमधून लवकर आले. पार्किंगमध्ये गाडीचं बोनेट उघडं होतं. सकाळपासून गाडी बाहेर काढलेली नव्हती, तरी पप्पांनी आधी इंजिनवर हात ठेवून पाहिला. गार होतं. मग त्यांनी बॅटरीचं काळं टर्मिनल सैल केलं, काढलं आणि त्याला फडकं गुंडाळून बाजूला सारलं. आईला वर एकटीला राहवेना. तिला आम्ही हात धरून खाली आणलं आणि खांबाला टेकवून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं.

पप्पांनी जिन्याखालून पत्रकांचा एक जुना गठ्ठा ओढून आणला आणि पत्रकं गाडीखाली पसरायला सुरुवात केली.

"पप्पा, हे काय करताय?"

"तेल फरशीवर नको सांडायला."

"रद्दी आणते ना मी. ही कशाला?"

"उरलेली आहेत," ते म्हणाले. "हा कागद तेल चांगलं शोषतो."

छापलेलं सगळं वाचलं जात नाही, हे त्यांनी माझ्या आधीच मान्य केलेलं होतं. मला अजून ते जमलेलं नाही. मी गुडघ्यावर बसून पत्रकं पालथी घातली, म्हणजे निदान मजकूर खाली जाईल. आई बघत होती. "पालथं घातलं तरी तेल लागंलच," ती म्हणाली.

मग खरी वादावादी झाली ती रॉकेलवरून. पप्पांनी कुठूनतरी एक बाटली पैदा केली होती. कारखान्यात मशीन रॉकेलने पुसायची पद्धत होती आणि चाळीस वर्षांची सवय हातात असते.

"रॉकेल नाही," मी म्हणाले.

"थोडंसं. साय अशी निघत नाही."

"तुमचा लेथ तापत नव्हता. इथे सायलेन्सर तापतो. कुठे फटीत राहिलं आणि पेटलं तर?"

"पुसून घेऊ की."

"पप्पा!"

आई खुर्चीतून म्हणाली, "मला गाडीतच जाळायचं ठरलंय का तुमचं? तसं असंल तर पांढरी साडी इस्त्रीला देत नाय."

बाटली बाजूला गेली. मी आणलेलं तेल काढायचं द्रावण फवाऱ्याच्या बाटलीत पाणी घालून पातळ केलं. दोघांनी हातमोजे घातले. पप्पांना मोजे आवडत नाहीत, पण मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले तेव्हा घातले.

आधी कोरडी सफाई केली. पुढच्या काचेखालच्या पन्हाळीत कडुनिंबाचा पाला साचला होता, तो काढला. बॅटरीमागे उंदराने घर केलेलं होतं. कांद्याची साल, कापूस, दोऱ्या, सगळं नीट रचलेलं. एक वायर वरून कुरतडलेली होती, पण आतली तार शाबूत होती. पप्पांनी तिला टेप गुंडाळली. मग पाणी लागू नये अशा जागा झाकल्या. आई दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन ठेवते, त्या कापून आम्ही फ्यूजची पेटी, आल्टरनेटर, हवा आत घेण्याचं तोंड आणि वर प्लगच्या वायरी झाकल्या आणि रबराने बांधल्या. खाली पत्रकांवर एक घमेलं ठेवलं, म्हणजे काळं पाणी त्यात पडेल.

फवारायचं, थोडं थांबायचं, ब्रशने घासायचं, फडक्याने पुसायचं. रंगाचा जुना ब्रश मोठ्या जागांना आणि दातांचा ब्रश खाचांना. पाणी ओतायचं नाही, फक्त मगाने थोडं थोडं सोडायचं. असं काम बाहेरून सोपं दिसतं. थोड्याच वेळात कंबर मोडते. वाकून बोनेटखाली डोकं घातलं की मान अवघडते, सरळ उभं राहिलं की घासलेलं दिसत नाही. काळी साय निघायची आणि खाली दुसरी साय दिसायची. मला एरवी राग यायला वेळ लागत नाही, पण त्या दुपारी रागासाठीही अंगात काही उरलं नव्हतं. आठवड्यात तीन दिवस सेंटर, चार दिवस क्लास, रात्री जागून लिहिणं. मी निमूटपणे घासत होते.

पप्पा मगाने पाणी सोडत होते. आई एकटक त्या पाण्याकडे बघत होती. तिला दिवसभरात मोजून पाणी मिळतं. जास्त प्यायली की सूज येते, श्वास अडतो. घोट घोट करत ती एक पेला दुपारपर्यंत पुरवते.

"किती पाणी पितंय बघ हे इंजिन," ती म्हणाली. "याची किडनी चांगली दिसतीय."

पप्पांचा हात थांबला. मग ते हसले. मी पण हसले. पण त्यानंतर त्यांनी पाण्याचा मग तिच्या बाजूने धरला नाही, आपल्या अंगाआड धरून पाणी सोडलं.

तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधले काका गाडी घेऊन आत आले. ते स्वतःची टॅक्सी चालवतात. नवरात्रात वणीच्या गडावर भाविकांच्या फेऱ्या करून त्यांचे डोळे लाल झालेले असतात. गाडी वॉशिंग सेंटरहून आणलेली होती, फेस मारून चमकवलेली, आणि मागच्या सीटवर झेंडूचा ढीग होता. पप्पांना ते कधी नावाने हाक मारत नाहीत.

"काय नेते! खंडेनवमी जोरात दिसतेय."

"सफाई चालली आहे," पप्पा म्हणाले.

"तेच म्हणतोय. आमच्यात याला खंडेनवमी म्हणतात. हार देऊ का एक? भरपूर आणलेत."

"हाराने प्लग साफ होतो का?"

"प्लग नाय होत, पण ड्रायव्हर शांत होतो." काका बोनेटखाली डोकावले. "दातांच्या ब्रशने? नेते, अहो दिवाळीपर्यंत होईल हे. सेंटरला एका फटक्यात झालं असतं."

मी मान वर केली. काका लगेच हात जोडून म्हणाले, "ताई, नको. तुमचं भाषण मला पाठ आहे. पोरं अनवाणी असतात. मी बघितलं, खरंच अनवाणी असतात." मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, उद्याचं कसं?"

"उद्या डायलिसिस, मग विहार," आई म्हणाली. "साडी तयार हाय."

ते गेल्यावर आम्ही उरलेलं उरकलं. संध्याकाळच्या उजेडात इंजिनचं मूळ ॲल्युमिनियम पहिल्यांदा दिसलं. त्यावर एक आकडा कोरलेला होता, तोही वाचता येत होता. पप्पांनी फडकं फिरवून फिरवून पुसलं. घमेल्यातलं काळं पाणी मी एका डब्यात भरलं. गटारात ओतायचं नाही एवढं मला ठाऊक होतं. मग कुठे ओतायचं, ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. तो डबा आजही आमच्या गॅलरीत आहे.

"आता पिशव्या काढू, टर्मिनल लावू आणि गाडी चालू करू," मी म्हणाले. "थोडा वेळ चालू राहिली की आतलं पाणी उडून जातं. काही बिघडलं असेल तर आत्ताच कळेल."

पप्पा हात पुसत होते. "आज नाही."

"का?"

"साफ केलेलं मशीन सकाळपर्यंत बंद ठेवायचं. झाकून."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की ते मला सांगत नव्हते, कुणाला तरी आठवण करून देत होते. आणि मला कळलं की ते कुठून बोलत आहेत.

ते कारखान्यात असताना खंडेनवमीला पूजेसाठी मशीन चमकवायची, पण उत्पादन थांबवायचं नाही, असा वरचा हुकूम असायचा. कामगार चालू लेथ फडक्याने पुसायचे. एका वर्षी एकाचं फडकं लेथच्या फिरत्या चकात अडकलं आणि फडक्याबरोबर बोटं गेली. त्याच रात्री बसून पप्पांनी पत्रक लिहिलं. त्यात त्यांनी देवाला काही म्हटलं नव्हतं. मशीन बंद करून साफ करू द्या, त्या वेळेचा पगार द्या, आणि एकदा साफ केलेलं मशीन दुसऱ्या सकाळपर्यंत कोणी चालू करायचं नाही, एवढीच मागणी होती. शेवटची अट मुद्दाम होती, नाहीतर साफसफाई संपल्यावर रात्रपाळीला पुन्हा चालू करायला लावायचे आणि राहिलेलं पुसायला मग परत चालू मशीनवर हात. ती मागणी मान्य झाली. पप्पांच्या आयुष्यात ज्या थोड्या मागण्या पूर्ण मान्य झाल्या, त्यातली ती एक. लहानपणी मी ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे की बोटं गेलेल्या माणसाचा चेहरा न बघताही मला दिसतो.

आता याच्याशी भांडायचं कसं? अंधश्रद्धा असती तर मी पाच मिनिटांत मोडून काढली असती. हा तर लढून मिळवलेला नियम होता. तो लेथचा होता, गाडीचा नव्हता, एवढंच. पण ते मला त्या वेळी नीट शब्दांत सापडलं नाही, आणि माझी कंबर दुखत होती. आई खुर्चीत पेंगायला लागली होती. पप्पांनी पिशव्या तशाच राहू दिल्या, वरून एक जुनी चादर टाकली आणि बोनेट लावलं. लेथवर रात्री टाकायचे तशीच चादर.

सकाळी आई तयार होती. पांढरी साडी, कडक इस्त्री, केसांना तेल. दाराशी उभी राहून तिने स्वतःला आरशात दोनदा पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं.

खाली पप्पांनी चादर काढली, पिशव्या काढल्या, टर्मिनल लावलं. किल्ली फिरवली. गाडी खोकली. परत फिरवली, तेव्हा लागली, पण अंग थरथरत होतं, जणू एका पायावर उभी होती. गेटपर्यंत गेली आणि बंद पडली. परत लागली, परत बंद. मग किल्ली फिरवली की नुसतीच घरघरत राहिली.

पिशव्यांखाली रात्रभर पाणी कोंडलं होतं. थोडं प्लगच्या खोल खाचांमध्ये उतरलं होतं. काल चालू केली असती तर उष्णतेने उडून गेलं असतं, नाहीतर निदान काल कळलं असतं. हे आम्ही दोघांनी एकाच वेळी ओळखलं. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आई मागच्या सीटवर ताठ बसली होती, साडी चुरगळू नये म्हणून. "काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. पाणी," पप्पा म्हणाले.

"पाणी," आई म्हणाली. "मग बरोबर हाय. सवय नसली की सोसत नाय."

मी रिक्षा बघायला रस्त्यावर गेले. दसऱ्याची सकाळ. रिक्षावाले आपापल्या रिक्षा धूत होते, हार बांधत होते. कोणी पूजा झाल्याशिवाय निघायला तयार नव्हतं. एकाने तर माझं बोलणं संपायच्या आतच चाकाखाली लिंबू ठेवायला घेतलं. फोनवर गाडी मागवली, ती येतच नव्हती. सेंटरमध्ये प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. उशीर झाला की खुर्ची पुढच्याला जाते किंवा तास कापतात. मला ओरडावंसं वाटलं, पण कोणावर?

परत आले तर काका गेटात अडकलेल्या आमच्या गाडीमागे थांबले होते. त्यांच्या गाडीला हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, आत उदबत्ती. पूजा होऊन ते पहिली फेरी घेऊन देवीच्या गडाकडे निघाले होते. बायको पुढच्या सीटवर ताट घेऊन बसलेली.

"नेते, ढकला बाजूला. मला जाऊ द्या," ते म्हणाले. मग मागच्या सीटवर आई दिसली. त्यांनी गाडी बंद केली आणि बायकोकडे पाहिलं. ती ताट घेऊन खाली उतरली.

"चला वहिनी."

"अहो, तुमची पहिली फेरी देवीची," आई म्हणाली.

"देवी गडावर आहे, पळून नाही चालली. चला."

मी आईला धरून त्यांच्या गाडीत बसवलं. आत उदबत्ती आणि झेंडू आणि फेसाचा गोड वास इतका दाट होता की मी आधी पिशवी शोधली. आई डोळे मिटून बसली. "तेलापेक्षा बरा," ती म्हणाली. काकांनी लगेच चारही काचा खाली केल्या, उदबत्ती विझवली आणि बाहेर टाकली. वाटेत एकदा आरशात बघून मला म्हणाले, "ताई, नेत्यांना बोलू नका काही. माणूस सकाळपासून पांढरा पडलाय."

"मी काही बोलले नाही."

"तेच म्हणतोय. तुम्ही गप्प असलात की जास्त लागतं."

सेंटरवर उशीर झालाच होता. सिस्टर म्हणाली, आज थोडं कमी करावं लागेल, पुढची माणसं आली आहेत. मी तोंड उघडलं. हक्क, वेळ, रुग्ण, सगळी वाक्यं तयार होती. ती म्हणाली, "ताई, मलाही घरी जायचंय हो. माझी पोरगी नवीन ड्रेस घालून बसलीय." तिचे डोळे माझ्यासारखेच थकलेले होते. मी तोंड मिटलं. आईने हात पुढे केला. सुया लागल्या. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि भिंतीला डोकं टेकवलं.

दुपारी आईला बाहेर आणलं तर पप्पा दारातच उभे होते. शर्टाच्या बाह्या काळ्या, नखांत काळं, कपाळावर एक काळा पट्टा. प्लग काढून, खाचा पुसून, कापसाने टिपून आणि आईचा केस वाळवायचा पंखा लावून त्यांनी सगळं कोरडं केलं होतं. गाडी मागे उभी होती आणि चालू होती. आत कोणी नव्हतं, तरी चालू होती.

"किती वेळ झाला येऊन?" मी विचारलं.

"बराच."

"मग बंद का नाही केली?"

"बंद केली आणि परत नाही लागली तर?" ते म्हणाले. मग म्हणाले, "काल चालू करायला हवी होती. तू म्हणाली होतीस."

काकांचं म्हणणं लक्षात होतं, म्हणून मग बोलले. "नियम चांगला होता, पप्पा. मशीन वेगळं होतं." त्यांनी मान डोलावली. पटलं म्हणून की थकले होते म्हणून, सांगता येणार नाही.

आईला मागे आडवं केलं. डोकं माझ्या मांडीवर. पिशवी मी उघडून तयार ठेवली. मुंबई नाका गेला, उंटवाडीचा पूल गेला. रस्त्याच्या कडेला झेंडूचे उरलेले ढीग होते. त्रिमूर्ती चौकात सिग्नल लाल झाला आणि गाडी थांबली. पप्पा आरशात बघत होते. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. इंजिन सारखं, एका लयीत चालू होतं. मी नाकाने हवा ओढून पाहिली. धूळ, फटाक्याची दारू, कुठूनतरी वडे तळल्याचा वास. तेल नव्हतं. आईचे ओठ हलले. मी पिशवी पुढे केली.

"काय करतीस?" ती डोळे न उघडता म्हणाली. "सिग्नल कवा सुटतो ते सांग."

सुटला. तिच्या साडीवर डाग पडला नव्हता.

विहारासमोर पोचलो तेव्हा गर्दी होती. पांढरे कपडे, निळे झेंडे, आत वंदना सुरू झालेली. भोंग्यातून आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मी आईला हाक मारली. ती झोपली होती. उलटी करून गळून झोपते तशी नव्हे, साधी झोपली होती, तोंड थोडं उघडं ठेवून. तिला उठवायचं की नाही, आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पप्पांनी गाडी भिंतीच्या सावलीत घेतली, इंजिन चालू ठेवूनच. मी काच खाली केली, म्हणजे तिला झोपेत का होईना, ऐकू जाईल.

उभ्या गाड्या चालू ठेवणाऱ्यांवर मी एक पूर्ण पत्रक लिहिलेलं आहे. ते वाटलंही आहे, बहुतेक याच रस्त्यावर.

थोड्या वेळाने आईने नाक आकसलं. "काच लाव," ती म्हणाली. "धूर येतोय."

"आपलाच आहे," मी म्हणाले.

"मग बंद करा की. वंदना ऐकू दे."

पप्पांचा हात किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं. भोंग्याचा आवाज एकदम जवळ आला. आईने पडल्या पडल्याच दोन्ही हात जोडले, सुया लागलेला हात जरा जपून. परत गाडी लागेल की नाही, ते आम्ही त्या वेळी कोणीच विचारलं नाही.